एमआर, म्हणजे औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी व्हायचंय? आधी केमिस्टच्या काउंटरपाशी उभे राहा: ठाणे-नवी मुंबईत औषध आणि मेडिकल इक्विपमेंट सेल्सची सुरुवात

जून-जुलैत निकाल लागले की ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतोच. "दादा, बीएस्सी झालं. एमआरचं बघतोय. रेझ्युमे कुठे टाकू?" मी रेझ्युमेचं काही बोलत नाही. विचारतो, "तुझ्या बिल्डिंगखालच्या मेडिकलवाल्याचं नाव काय?" दुकानाचं नाव सगळ्यांना येतं, माणसाचं फार थोड्यांना. मग सांगतो, पंधरा दिवस त्याच्याकडे जा आणि मग फोन कर.

पोरांना वाटतं मी कटवतोय. पण मी बारा वर्षं ठाण्यापासून पनवेलपर्यंत औषधांची बॅग वाहिली आणि त्यानंतरची वर्षं मेडिकल इक्विपमेंटमध्ये घालवली. सुरुवात परत करायची झाली तर मी काउंटरपासूनच करीन. डॉक्टर सभ्य असतात. दिवसभरात दहा-पंधरा जणांना "हो, लिहितो" म्हणून वाटेला लावतात. त्यांनी खरंच लिहिलं का, हे फक्त केमिस्टला माहीत असतं.

औषध की मशीन?

बाहेरून सगळं एकच दिसतं: बॅग, बूट, हॉस्पिटलबाहेरचं बाकडं. आत मात्र कामाची चाल वेगळी आहे. फार्मात दिवस कॉलमध्ये, म्हणजे भेटींमध्ये मोजतात. दहा-बारा डॉक्टर, पाच-सहा केमिस्ट, आणि एका डॉक्टरपुढे दीड-दोन मिनिटं. त्याच डॉक्टरकडे महिन्यात दोनदा-तीनदा, वर्षानुवर्षं जायचं. इक्विपमेंटमध्ये एकाच हॉस्पिटलला सहा-सहा महिने चकरा मारायच्या आणि हाती ऑर्डर यायची एक. ती आली तर वर्ष निघतं, नाही आली तर मॅनेजरला तोंड दाखवणं कठीण.

या दोन्हींच्या मध्ये आणखी दोन पट्टे आहेत. एक कन्झ्युमेबल्स आणि इम्प्लांट्सचा: टाक्यांचे धागे, स्टेपलर, कॅथेटर, गुडघ्याचे कृत्रिम सांधे. दुसरा डायग्नॉस्टिक्सचा, म्हणजे पॅथॉलॉजी लॅबमधली ॲनालायझर मशीन आणि त्यांना लागणारे रीएजंट, म्हणजे तपासणीची रसायनं. यात बऱ्याचदा मशीन लॅबमध्ये तसंच ठेवतात आणि पैसा महिन्याच्या रीएजंटच्या खपातून काढतात.

फार्मात बीएस्सी, बीफार्म, डीफार्म चालतात, काही कंपन्या कुठलीही पदवी घेतात. इक्विपमेंटला बायोमेडिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना आधी बोलावतात. लाइफ सायन्सेस सेक्टर स्किल डेव्हलपमेंट कौन्सिलचा मेडिकल सेल्स रिप्रेझेंटेटिव्हसाठी अभ्यासक्रम आहे. केला असेल तर बरंच, नसेल तर त्यावाचून अडत नाही.

माझं मत विचाराल तर बायोमेडिकल इंजिनिअर सोडून बाकीच्यांनी दोन-तीन वर्षं फार्मा करावं. नकार पचवायची सवय लागते, आणि गावातला प्रत्येक डॉक्टर कुठे बसतो, कोणत्या वारी कुठल्या हॉस्पिटलला असतो, हा नकाशा डोक्यात तयार होतो. पुढे मशीन विकताना हाच नकाशा उपयोगी पडतो.

पंधरा दिवस काउंटरपाशी

दुपारी दोन ते चारच्या मध्ये जा. सकाळ-संध्याकाळ गर्दी असते, तेव्हा गेलात तर हाकलतील आणि त्यात त्यांची चूक नाही. सरळ सांगा: "काका, एमआरच्या नोकरीचा अभ्यास करतोय. रोज अर्धा तास इथे उभा राहू का? मध्ये बोलणार नाही." दहातले सहा नाही म्हणतील. सातवा म्हणेल, "राहा, पण काउंटरच्या बाहेर." तेवढं पुरे.

आता चिठ्ठ्या बघायच्या. वहीत चार रकाने करा: डॉक्टर, मॉलिक्यूल (औषधाचं मूळ नाव), ब्रँड, किती दिवसांचा डोस. पेशंटचं नाव लिहायचं नाही, कधीच नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात येईल की समोरचे डॉक्टर ॲसिडिटीला पँटोप्राझोल लिहितात, तेही एकाच कंपनीचं. पलीकडच्या गल्लीतल्या मॅडम तेच औषध तीन वेगवेगळ्या ब्रँडमध्ये लिहितात. म्हणजे तिथे नव्या माणसाला जागा आहे. फील्डमध्ये याला आरसीपीए म्हणतात, केमिस्टकडून डॉक्टरच्या चिठ्ठ्यांचा घेतलेला अंदाज. नोकरीत तुम्हाला हे रोज करायचं आहे आणि बहुतेक एमआर ते घरी बसून मनाने भरतात. म्हणून खरा करणारा वेगळा दिसतो.

चिठ्ठ्यांशिवायही बघण्यासारखं बरंच असतं. फ्रीजमध्ये इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवलेलं असतं. शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या पाकिटावर आरएक्स ही खूण असते. शेड्यूल एच-वन या आणखी कडक यादीतल्या औषधांना लाल चौकट असते आणि २०१४ पासून त्यासाठी वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं: डॉक्टर कोण, पेशंट कोण, औषध किती. तीन वर्षं ते जपावं लागतं. तुमची कंपनी उद्या असं ॲन्टिबायोटिक विकायला देईल तेव्हा केमिस्ट ते ठेवायला कुरकुर का करतो, हे तुम्हाला आधीच कळलेलं असेल.

आणि काउंटरखालचा खोका बघा. प्रत्येक मेडिकलमध्ये असतो. बिस्किटांच्या नाहीतर सलाइनच्या बाटल्यांच्या पुठ्ठ्याचा, वर मार्करने 'एक्स्पायरी' लिहिलेलं. मुदत संपलेल्या स्ट्रिप्स, अर्धवट कापलेली पाकिटं, धूळ बसलेली सिरपं. कंपनीने परत घ्यायची म्हणून ठेवलेली आणि कोणी न नेलेली. काकांचा मूड बघून विचारा, यात सगळ्यात जास्त माल कोणाचा? उत्तर येईल, त्यासोबत दोन शिव्याही येतील. ज्याचा माल जास्त, त्याच्या एमआरने महिनाअखेरीला काय केलं असेल ते सांगायला नको. मीही एकेकाळी त्याच खोक्यात माल भरला आहे. ते पुढे येईलच.

औषधाचा अभ्यास: थोडा, पण पक्का

सगळी फार्माकॉलॉजी वाचायची गरज नाही. ब्लड प्रेशर, शुगर, ॲसिडिटी आणि ॲन्टिबायोटिक हे चार कप्पे घ्या. प्रत्येकातली दोन-तीन मॉलिक्यूल नीट करा: शरीरात काय करतं, डोस किती, जेवणाआधी की नंतर, कोणाला द्यायचं नाही, नेहमीचा त्रास कोणता. किंमत बघायला एनपीपीए या औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं 'फार्मा सही दाम' ॲप आहे. एकाच मॉलिक्यूलच्या वेगवेगळ्या ब्रँडच्या किमती बघून पहिल्यांदा डोळे पांढरे होतात.

बीपीचं टेल्मीसार्टन घ्या. कंपनी तुमच्या हातात व्हिज्युअल एड, म्हणजे औषधाची चित्रमय पुस्तिका देईल, त्यावर हसरे आजी-आजोबा असतील. डॉक्टरांना त्या आजी-आजोबांत रस नसतो. "सर, टेल्मीसार्टन ४०, दिवसातून एकदा. हाफ-लाइफ सुमारे २४ तास, त्यामुळे पुढच्या डोसपर्यंत, पहाटेच्या वेळीही बीपीवर पकड राहते." झालं, वीस सेकंद. खरी परीक्षा पुढे असते. डॉक्टर मान वर न करता विचारतात, "प्रेग्नन्सीत?" नाही चालत सर. "किडनीचा पेशंट असेल तर?" पोटॅशियम वाढू शकतं सर, लक्ष ठेवावं लागतं. "आणि अमलोडिपिनने पाय सुजलेत त्याला?" अमलोडिपिन हे बीपीचंच दुसरं औषध. इथे अडखळलात तर थापा मारू नका. "माहीत नाही सर, विचारून गुरुवारी सांगतो." आणि गुरुवारी उत्तराचा कागद घेऊन खरंच जा. माझे आयुष्यभर टिकलेले डॉक्टर याच गुरुवारांनी मिळवून दिले.

भाषेची काळजी करू नका. नौपाड्यातले जुने डॉक्टर तुमच्याशी मराठीत बोलतील, मुंब्र्यात हिंदी लागेल, वाशी-नेरूळच्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात इंग्रजीची तीन-चार वाक्यं सफाईने आली की काम भागतं. तीच वाक्यं आरशासमोर म्हणा. हसू येतं, पण फरक पडतो.

नोकरी मिळवताना

जॉब पोर्टल वापराच, पण जागा रिकामी होणार हे सगळ्यात आधी कळतं ते क्लिनिकबाहेरच्या बाकड्यावर. तिथे बसलेल्या एमआरना माहीत असतं कोण राजीनामा देतोय, कुठला एरिया मॅनेजर माणूस शोधतोय. म्हणून काउंटरच्या पंधरा दिवसांत दोन-तीन एमआरशी ओळख करून घ्या. चहा पाजा. ही जमात बोलघेवडी असते, चहावर सगळं सांगते.

रेझ्युमे एका पानाचा. ध्येयवाक्य वगैरे काढून टाका. त्याजागी लिहा: टू-व्हीलर आहे, लायसन्स आहे, अमुक भाषा येतात, कळवा ते ऐरोली पट्ट्यातल्या इतक्या केमिस्टना भेटून चिठ्ठ्यांचा अभ्यास केला आहे. हे शेवटचं वाक्य वाचून मॅनेजर खुर्चीत पुढे सरकतो. तो म्हणेल, दाखव वही. वही बरोबर न्या.

"हा पेन विकून दाखव" असं अजूनही विचारतात. पेनचं कौतुक करू नका, समोरचा दिवसाला किती आणि कशावर लिहितो ते आधी विचारा. त्यापेक्षा महत्त्वाची असते फील्डवरची मुलाखत. मॅनेजर एक दिवस बरोबर फिरवतो किंवा पाच केमिस्टचा सर्व्हे करून आणायला सांगतो. आता तुम्हाला ते नवीन नाही.

ऑफर लेटर मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. हेडक्वार्टर कोणतं लिहिलंय? फिक्स पगार किती आणि खर्चाची रक्कम त्यात मिसळून आकडा फुगवलाय का? हेडक्वार्टर, एक्स-स्टेशन (बाहेरगावी जाऊन त्याच दिवशी परत) आणि आउटस्टेशनचा (मुक्कामी) डीए, म्हणजे रोजचा भत्ता, वेगळा असतो, तो किती? किलोमीटरचा दर काय? पीएफ कापतात का? प्रोबेशन किती, नोटीस किती? इन्सेन्टिव्ह महिन्याला की तिमाहीला, आणि एक्स्पायरी परत आली तर त्यातून कापतात का? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. १९७६ साली सेल्स प्रमोशन एम्प्लॉईजसाठी खास कायदा झाला आणि एमआरला लेखी नियुक्तिपत्राचा हक्क मिळाला. नव्या कामगार संहितेतही नियुक्तिपत्र बंधनकारक आहे. तेव्हा "आधी जॉइन हो, लेटर नंतर" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. डिपॉझिट, कोरा चेक किंवा ओरिजिनल मार्कशीट मागणाऱ्यालाही.

एरिया पायाखाली घालणं

पहिला महिना सेल मागू नका, रस्ते शिका. ठाणे-नवी मुंबई हा एक एरिया नाही. नौपाडा, पाचपाखाडी, राम मारुती रोड इथे जुने कन्सल्टंट, पिढ्यान्पिढ्यांचे पेशंट. डॉक्टर ब्रँड सहज बदलत नाहीत, पण बदलला की तो वर्षानुवर्षं चालतो. घोडबंदर रोडला कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर लहान मुलांचे, त्वचेचे, स्त्रीरोगाचे डॉक्टर. कळवा-मुंब्र्यात जीपी, म्हणजे साधे फॅमिली डॉक्टर, एकेका संध्याकाळी खचाखच भरलेली क्लिनिकं. तिथे तुमच्या स्ट्रिपची किंमत हाच पहिला प्रश्न. कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, त्याला मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे. ट्रान्स-हार्बर लोकलच्या मार्गावर ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे इथे सेक्टर एकीकडे आणि गावठाण दुसरीकडे, दोन्हीकडचे डॉक्टर आणि पेशंट वेगळे. नेरूळ, बेलापूर, कामोठे, खारघरकडे मोठी हॉस्पिटलं आणि मेडिकल कॉलेजं. खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र, ॲक्ट्रेक. तिथलं कॅन्सरच्या औषधांचं काम अनुभवी माणसाचं, नवख्याला कोणी लगेच देत नाही.

बाईक सगळीकडे नेऊ नका. ठाणे स्टेशनला पार्किंग शोधण्यात दोन कॉल जातात. ट्रान्स-हार्बरचा पास काढा. घोडबंदरचे कॉल संध्याकाळी ठेवायचे असतील तर पाचच्या आत तिथे पोचलेले बरे, नाहीतर कापूरबावडीला अडकून डॉक्टरांचं क्लिनिक बंद होताना बघाल. पावसाळ्यात बॅगेला कव्हर आणि मोज्यांचा जादा जोड. ओल्या मोज्यांनी एसी केबिनमध्ये उभं राहिल्यावर हे सुचून उपयोग नसतो.

डॉक्टरांची यादी साधारण दीडशेच्या आसपास असते. त्यात कोअर डॉक्टर वेगळे काढायचे, त्यांना जास्त भेटी. महिन्याचा टूर प्रोग्राम आधी मंजूर करून घ्यायचा, रोजचा रिपोर्ट, म्हणजे डीसीआर, ॲपवर भरायचा. आता बहुतेक ॲप लोकेशन घेतात, पण खोटे कॉल टाकायच्या युक्त्याही निघाल्यात. त्या नादी लागू नका. मॅनेजर जॉइंट वर्किंगला, म्हणजे तुमच्याबरोबर फिरायला आला आणि डॉक्टर म्हणाले, "हा कोण? पहिल्यांदाच बघतोय," की उरलेला दिवस फार लांब वाटतो.

रिसेप्शनवरच्या ताईंचं नाव पहिल्याच भेटीत विचारून घ्या. आत कोणाला कधी सोडायचं हे त्या ठरवतात. ओपीडी भरलेली असेल तर आपणहून म्हणा, "ताई, आज गर्दी आहे, मी गुरुवारी येतो." हे वाक्य त्यांच्या कानावर फार क्वचित पडतं, म्हणून लक्षात राहतं.

दिवस दोन तुकड्यांत जातो. सकाळी साडेदहा ते दोन, संध्याकाळी सहा ते साडेनऊ. घरचे जेवायला बसतात तेव्हा तुम्ही दिवा स्टेशनजवळच्या एखाद्या जिन्यात उभे असता. लग्न ठरवताना हे सांगून टाका. मुलीही आता या कामात बऱ्याच आहेत. त्यांनी मुलाखतीतच उशिराच्या कॉलचं आणि आउटस्टेशन मुक्कामाचं स्पष्ट बोलून घ्यावं. आणि ज्याबद्दल ट्रेनिंगमध्ये कोणी चकार शब्द काढत नाही ती गोष्ट: फील्डवर स्वच्छ टॉयलेट. मोठी हॉस्पिटलं, मॉल, ओळखीचे स्टॉकिस्ट (औषधांचे होलसेल विक्रेते) यांचा नकाशा पहिल्या आठवड्यातच करून ठेवा.

स्टॉकिस्टचा हिशेब, आणि मी केलेला घोळ

कंपनीने स्टॉकिस्टला बिल केलं तो प्रायमरी सेल. स्टॉकिस्टकडून केमिस्टला गेला तो सेकंडरी. गणित शाळेतलं आहे. महिन्याच्या सुरुवातीला स्टॉकिस्टकडे १२० स्ट्रिप्स होत्या, कंपनीकडून २०० आल्या, महिनाअखेरीला ९० उरल्या. म्हणजे २३० गेल्या. मॅनेजर प्रायमरीबद्दल ओरडतो, पण तुमचं भविष्य सेकंडरीत असतं.

डॉक्टरची किंमतही अशीच काढा. समजा बीपीच्या गोळीची दहाची स्ट्रिप रिटेलरला ६० रुपयांना पडते. एका पेशंटला महिन्याला तीन स्ट्रिप्स, म्हणजे १८० रुपये. डॉक्टर आठवड्याला दोन नवे पेशंट सुरू करतात, महिन्याला आठ. पेशंट टिकले तर तिसऱ्या महिन्यात २४ पेशंट, ७२ स्ट्रिप्स, ४,३२० रुपये. टार्गेट दोन लाखांचं असेल तर असे ४६-४७ डॉक्टर हवेत. ॲन्टिबायोटिकचं तसं नाही. पाच दिवसांत कोर्स संपला, पेशंट बरा, उद्या परत शून्यातून सुरुवात. म्हणून नव्या माणसाला क्रॉनिक, म्हणजे बीपी-शुगरसारख्या कायम घ्यायच्या औषधांची डिव्हिजन मिळाली तर पहिले तीन महिने रडू येतं आणि वर्षाने बरं वाटतं.

केमिस्टचा नफाही डोक्यात असू द्या. सरकारने किंमत ठरवलेल्या औषधांवर रिटेलरला १६ टक्के आणि होलसेलरला ८ टक्के, बाकीच्यांवर रिवाजाने २० आणि १०. तुमची स्कीम या आकड्यांच्या वर काय देते, एवढंच तो ऐकतो.

आता माझा घोळ. नोकरीचं दुसरं वर्ष, मार्च महिना. टार्गेटला साठ हजार कमी पडत होते. मॅनेजर म्हणाला, कफ सिरप टाक. मी दोन स्टॉकिस्टना गळ घातली, "नाही खपलं तर मी बघतो" म्हणालो. मार्च संपत आला असताना, उन्हाळा तोंडावर, खोकल्याचं औषध! टार्गेट झालं, इन्सेन्टिव्ह आला, आम्ही घोडबंदरला पार्टी केली. वर्षभराने माल एक्स्पायरी होऊन परत यायला लागला. तोवर मॅनेजर बदललेला. नव्याने हात वर केले, कंपनीने माझ्या इन्सेन्टिव्हमधून कापायला सुरुवात केली. एका स्टॉकिस्टने तर पुढची दोन वर्षं मला दुकानात खुर्ची दिली नाही. शेठ एवढंच म्हणायचे, "तू बघणार होतास ना?" महिनाअखेरीला मॅनेजरचा फोन आला तर खपेल तेवढाच आकडा सांगा. त्या दिवशी शिव्या खाल्लेल्या परवडतात.

नियम, कारण आता कंपनीच्याही अंगाशी येतं

मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांच्या मार्केटिंगसाठी युनिफॉर्म कोड आला, यूसीपीएमपी. त्याच वर्षी मेडिकल डिव्हाइससाठीही वेगळा आला. डॉक्टरांना किंवा त्यांच्या घरच्यांना भेटवस्तू नाही, सहल नाही, रोख नाही. ब्रँडची आठवण करून देणारी वस्तू हजार रुपयांच्या आतली. सॅम्पल तीन पेशंटपुरतं, एका औषधाची वर्षाला एका डॉक्टरला जास्तीत जास्त बारा पाकिटं, आणि त्याची नोंद. औषधाला नुसतं 'सेफ' म्हणायचं नाही, आणि देशात वर्षाहून जास्त काळ मिळत असेल तर 'नवीन'ही नाही. डॉक्टरांची भेट मिळावी म्हणून पैसे देणं तर थेट मना आहे. शिवाय २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा भेटवस्तूंवरच्या खर्चाला करात सवलत मिळणार नाही असा निकाल दिला.

तुम्हाला यात एकच करायचं आहे. मॅनेजरने असं काही तोंडी सांगितलं तर म्हणा, "सर, मेल करा ना." मेल येत नाही.

मशीनच्या बाजूला

इक्विपमेंटमध्ये एका ऑर्डरमागे पाच-सहा माणसं असतात. डॉक्टरला मशीन आवडतं, मालक किंमत विचारतो, बायोमेडिकल इंजिनिअर सर्व्हिस विचारतो, पर्चेसवाले तीन कोटेशन मागतात, अकाउंट्स नव्वद दिवसांनी पैसे देऊ म्हणतात. सहावी व्यक्ती म्हणजे आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टर. मशीन पुसायला, हलवायला अवघड असेल तर त्या पहिल्याच आठवड्यात "बंद आहे" म्हणून कोपऱ्यात लावतात. डेमोला सिस्टरना आधी शिकवा, डॉक्टरांना नंतर.

डेमोला जाताना बॅगेत मोठा एक्स्टेन्शन बोर्ड आणि सोळा अँपिअरची पिन ठेवा. अर्धे डेमो मशीन वाईट म्हणून नाही, प्लग बसला नाही म्हणून फसतात. जागा स्वतः बघा: अर्थिंग, यूपीएस, एसी, व्हेन्टिलेटर असेल तर ऑक्सिजन लाइनचं प्रेशर. आणि टेप घेऊन दारं मोजा. नवी मुंबईतल्या एका छोट्या हॉस्पिटलला मी आडवा ऑटोक्लेव्ह, म्हणजे उपकरणं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र विकलं, दुसऱ्या मजल्यावर. खोली मोजली, लिफ्ट मोजायची राहिली. टेम्पो खाली उभा, लिफ्टचं दार अरुंद, जिन्याला वळण. शेवटी खिडकीची ग्रिल कापून क्रेनने वर चढवलं. क्रेनचं आणि ग्रिलचं बिल आमच्या मार्जिनमधून गेलं. तेव्हापासून टेप माझ्या बॅगेत पेनाशेजारी असते.

कोटेशनमध्ये एएमसी आणि सीएमसी या देखभालीच्या दोन वार्षिक करारांतला फरक स्वच्छ लिहा. एएमसीत साधारणपणे सर्व्हिस येते आणि पार्टचे पैसे वेगळे, सीएमसीत पार्टही येतात. कोणते पार्ट येत नाहीत, ते नावानिशी लिहा. भांडणं तिथेच होतात.

कायदा इथे जास्त आहे. मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ प्रमाणे उपकरणांचे धोक्यानुसार ए ते डी असे वर्ग आहेत आणि विक्रेत्याकडे फॉर्म एमडी-४२ चं रजिस्ट्रेशन लागतं. डीलरकडे नोकरी धरताना ते भिंतीवर लावलंय का बघा. एक्स-रे मशीनला एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची मंजुरी लागते. सोनोग्राफीचं तर फारच जपून. पीसीपीएनडीटी या लिंगनिदानबंदीच्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या ठिकाणी मशीन विकता येत नाही, घेणाऱ्याकडून लिंगनिदान करणार नाही असं प्रतिज्ञापत्र घ्यावं लागतं आणि कोणाला विकलं याची यादी दर तीन महिन्यांनी सरकारला द्यावी लागते. डेमोसाठी म्हणून चार दिवस मशीन ठेवून ये, असं कोणी सांगितलं तर बॅग तिथेच ठेवा आणि घरी या.

सरकारी खरेदी बहुतेक टेंडर किंवा जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून होते. पहिल्या वर्षी त्यात पडू नका, पण टेंडरचे कागद वाचायला मागून घ्या.

इम्प्लांट्सचं काम ज्याला झोप प्यारी आहे त्याने धरू नये. उद्या सकाळी आठला गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर आज संध्याकाळी सेट हॉस्पिटलच्या सीएसएसडीत (निर्जंतुकीकरण विभागात) पोचवायचा, निर्जंतुक व्हायला वेळ लागतो. सगळे साइज मोजून. सकाळी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या मागे उभं राहायचं, पेशंटला किंवा निर्जंतुक टेबलाला हात न लावता, सर्जनने साइज विचारला की सिस्टरना ट्रे दाखवायचा. वापरलेल्या इम्प्लांटचे स्टिकर पेशंटच्या फाइलला, बाकीचे मोजून परत. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमती सरकारने २०१७ मध्ये बांधून दिल्या, त्यामुळे भावात फार खेळता येत नाही. सर्जन बघतात ते सेट वेळेवर आला का आणि पूर्ण होता का.

एवढं सांगून झाल्यावर पोरं परत रेझ्युमेचं विचारतात. मी म्हणतो, आधी पंधरा दिवस. त्यातले निम्मे फोन करत नाहीत. जे करतात त्यांना मी पहिला प्रश्न विचारतो: "खोक्यात सगळ्यात जास्त माल कोणाचा होता?" परवा एकीने तीन कंपन्यांची नावं सांगितली, वर म्हणाली, "आणि दादा, तिसरीचा एमआर महिन्याच्या तीस तारखेलाच येतो." तिला मी तेव्हाच एका एरिया मॅनेजरचा नंबर दिला.